तळ्यात, मळ्यात

भाची विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते. परवा दुपारी तिनं मला ओढूनच नेलं. कोणी परदेशी विज्ञानलेखक आले होते, बेटांवरच्या प्राण्यांवर बोलणार होते. मी जेवून गेलेली आणि वर पंखा, त्यामुळे पहिली दहा मिनिटं माझ्या हिशेबात धरू नका. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर डोडो होता.

डोडो म्हणे कबुतराच्या कुळातला. मॉरिशसवर अंगावर धावून येणारं कोणी नाही, मग उडायचं कशाला? सुस्तावला, फुगला, पंख नावापुरते उरले. १५९८ साली डच उतरले आणि शंभर वर्षांच्या आत कारभार आटोपला. (आमच्या गॅलरीतल्या कबुतरांना ही गोष्ट कोणीतरी सांगा.)

मग इंडोनेशियातली बाली आणि लोंबोक. शेजारशेजारची बेटं, एकावरून दुसऱ्यावरचा डोंगर दिसतो. पण १८५६ मध्ये वॉलेस नावाचा इंग्रज निसर्गअभ्यासक बालीहून लोंबोकला उतरला तर पक्षीच वेगळे, झाडांवर काकाकुवे! हिमयुगात समुद्र शे-सव्वाशे मीटर खाली गेला, तेव्हा बाली जावाला जोडलं गेलं आणि वाघ चालत बालीत आले. लोंबोकच्या अलीकडचं पाणी खोल, ते काही आटलं नाही.

वाघ चालत आले म्हटल्यावर मी मनानं तिथून उठून थेट पुण्याच्या सारसबागेत.

आजी चतुर्थीला म्हणायची, "चल, तळ्यातल्या गणपतीला जाऊन येऊ." पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवलं, मधे बेट राखलं, १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी त्यावर गणपती बसवला, हे सगळं मागाहून कळलं. मला दिसायची ती हिरवळ, फुगेवाले आणि भेळेचे कागद.

"आजी, तळं कुठंय?"

"अगं, त्यातूनच तर चाललोय आपण."

तेव्हापासून किती तरी दिवस मी त्या हिरवळीवरून फ्रॉक गुडघ्याच्या वर धरून चालायचे. देवळाच्या पायरीशी आलं की सोडायचे. चुलतभावंडं तळ्यात-मळ्यात खेळायची तेव्हा माझी पंचाईत व्हायची. मला तर सगळंच तळ्यात.

इकडे प्रश्नोत्तरं सुरू झाली होती. एक काका प्रश्न म्हणून उभे राहिले आणि स्वतःच्या अंदमान सहलीवर सात मिनिटं बोलले. भाचीनं कोपर मारलं, "मावशी, तूही विचार ना काहीतरी!" विचारायचं होतंही. बेटावर राहून राहून प्राणी तऱ्हेवाईक होतात म्हणालात, तर आमच्या बेटावरचा गणपती थंडीत स्वेटर घालतो, कानटोपीसुद्धा, तो यात बसतो का? पण हिंदी-इंग्रजीत कसं मांडायचं याची जुळवाजुळव होईपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झालं.

राहिला प्रश्न. ते तळं आजीनं भरलेलं पाहिलं होतं, की तिलाही तिच्या आजीनं असंच कोरड्यातून चालवलं होतं, तेही विचारायचं राहूनच गेलं.