तुम्ही विचारलंत म्हणून: परग्रहावरच्या म्हणी

विज्ञानकथा लिहिते म्हटल्यावर यानाचं इंजिन कसं चालतं हे कुणी फारसं विचारत नाही. "त्या लोकांच्या म्हणी तुम्हाला सुचतात कुठून?" हे मात्र हमखास विचारतात.

सुरुवातीला सुचत नव्हत्याच. पहिल्या कथेतले माझे परग्रहवासी येता-जाता काळ, अनंत, आकाशगंगा असलं काहीतरी भारदस्त बोलायचे. एका वाचकाने कळवलं, "तुमची माणसं फळ्यावरचे सुविचार वाचून दाखवतात." बोचलं, पण खरं होतं. म्हणीत शहाणपण असेलच असं नाही; बऱ्याचदा नुसता टोमणा असतो आणि हाताशी असलेली एखादी वस्तू. आड, पोहरा, कुसळ, मुसळ.

तेव्हापासून मी आधी ग्रह बघते. प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा, सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षांवर. २०१६ मध्ये त्याच्याभोवती एक ग्रह सापडला. त्याचं वर्ष आपल्या साधारण ११ दिवसांचं. ताऱ्याच्या इतका जवळ, की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी. म्हणजे तिथे उजाडणं नाही, मावळणं नाही. कोंबडं झाका की न झाका, तांबडं फुटायचा प्रश्नच नाही! उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे नाहीत, पण संधिसाधू तर असणारच. त्यांना काय म्हणायचं?

अशाच एका ग्रहावर, उजेड-अंधाराच्या सीमेवर, मी गाव वसवलं. जमिनीलगतचा गार वारा तिथे सदैव अंधाराकडून उजेडाकडे वाहतो. आपल्या जागी बसून काम करणाऱ्याचा एकच गाल गार पडतो. सारखा इकडून तिकडे तोंड फिरवणारा तो "दोन्ही गाल गार". संधिसाधू मिळाला. "हजार वर्षांचा झालास, तरी..." असं आई ओरडते ते तिशीतल्या मुलाला, हिशोब करून बघा. आणि सूर्य क्षितिजावर खिळलेला, म्हणून भिंतीची सावली आजोबांच्या वेळी होती तिथेच. उसनवारी बुडवणारा सांगतो, "भिंतीची सावली सरकली की फेडतो."

एवढं जमलं की मी म्हण अर्धी तोडते. आपण "अडला हरी" म्हणून थांबतो, गाढवाचे पाय ऐकणारा आपणहून जोडून घेतो. अख्खी म्हण म्हणतो तो परका. म्हणून कथेत उरलं नुसतं "सावली सरकली की". वाचक पहिल्यांदा अडखळतो, तिसऱ्यांदा हसतो.

कधी तर म्हणही लागत नाही. 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीच्या भाषेचा शब्दकोश मार्क ओक्रँड यांनी १९८५ मध्ये काढला. ती मंडळी भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, "काय हवंय?" विचारतात. मला हेवा वाटतो. दोन शब्दांत अख्खी जमात उभी!

परवा लेकीला म्हटलं, टेबलावरची पुस्तकं कधी आवरणार? मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "सावली सरकली की." आपल्याकडे ती दहा मिनिटांत सरकते, हे मी खिडकीशी नेऊन दाखवलं. पुस्तकं अजून टेबलावरच आहेत.