पिंग

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात कुणी कुणाला हाक मारत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालासुद्धा 'पिंग' करतात. जेवायला निघालास की पिंग कर, साहेबांना पिंग केलंस का... परवा हे घरी तोंडातून गेलं, तर कणीक मळता मळता आईनं विचारलं, "म्हणजे नक्की करायचं काय रे?"

सांगायला बसलो आणि अडकलो. इंग्रजीत हा शब्द म्हणजे मुळात नुसता आवाज. बंदुकीची गोळी सणसणत येऊन कशावर तरी आदळली की होतो तो. आपण 'टण्' म्हणू. पुढे पाणबुड्यांच्या सोनारलाही तो चिकटला. पाण्यात आवाज सोडायचा आणि तो आपटून परत येईपर्यंत कान देऊन बसायचं. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर पळतो, त्यावरून अंतर काढतात. (सोनार म्हटल्यावर आईचे हात थांबले. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.)

डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्युस या अमेरिकन माणसानं, नेटवर्क धड चालेना म्हणून, एक छोटासा प्रोग्राम लिहिला. लांबच्या कॉम्प्युटरला चिठ्ठी धाडायची. तो जागा असेल तर ती तशीच परत येते. नाव ठेवलं सोनारच्या आवाजावरून. त्यानंच सांगितलेला एक किस्सा आहे. एका नेटवर्कवाल्याचं कनेक्शन मधूनच तुटायचं. त्यानं दर उत्तरामागे कॉम्प्युटरला 'पिंग' असं बोलायला लावलं, आवाज कान किटेपर्यंत वाढवला आणि इमारतभर केबलींची टोकं हलवत फिरला. ज्या टोकाशी पिंग गप्प झालं, तिथं दुखणं!

"म्हणजे हाक मारायची नि ओ येते का बघायचं," आई म्हणाली.

माझी पाच मिनिटं तिनं एका वाक्यात गुंडाळली. आणि 'ओ' तरी काय, नुसता आवाजच की.

ऑफिसातलं पिंग मात्र बिघडलेलं आहे. लोक 'हाय' एवढंच टाकून गडप होतात. आपण लगेच ओ द्यावी, तर पलीकडे सामसूम, आणि काम काय ते संध्याकाळी सहाला कळणार. म्युसचा प्रोग्राम परवडला, उत्तराला किती मिलिसेकंद लागले तेही सांगतो. आमच्या साहेबांच्या उत्तराला ते माप पुरणार नाही, तिथं कॅलेंडर लागेल.

काल निघायला उशीर झाला. ठाण्याच्या गाडीत चढलो, दिघा गाव येईतो फोन एकदाच वाजून बंद झाला. आईचा मिस्ड कॉल. तिची ही सवय फोनचे पैसे मोजून बोलायचो तेव्हापासूनची. आता प्लॅनमध्ये सगळे कॉल फुकट असले तरी ती काही उचलू देत नाही.

मीही एक रिंग दिली आणि कापला.