बरणीतले फोन

जुलैचा जवळजवळ सगळा महिना मी कांदाटी खोऱ्यातल्या एका वाडीत काढला. महाबळेश्वरहून घाट उतरून तापोळा, तिथून लाँच, मग गुडघाभर चिखलातून चढण. भाषांतराचं काम संपवायचं होतं आणि पाऊस हवा होता. दोन्ही मनासारखं झालं. पण लिहायला बसले आहे ते एका लोणच्याच्या बरणीबद्दल.

वाडीत रेंज नाही. वरच्या सड्यावर एका आंब्याखाली, समोरच्या डोंगरावरच्या टॉवरची एक कांडी मिळते. तीही वाडीकडे पाठ करून उभं राहिलं तर. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, मग डिझेलवर, आणि पावसात डिझेल वर पोचलं नाही की बंद. "टॉवर झोपला," असं तिथली माणसं म्हणतात. मी असताना तो एकदा चार दिवस झोपला होता. ज्या कोयनेच्या पाण्यावर 1,960 मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, त्याच पाण्याच्या काठावर आम्ही चार रात्री चिमणीच्या उजेडात जेवलो. मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

निघताना आईला सांगितलं होतं, रोज फोन करीन. तिसऱ्या दिवशी कळलं की फोन विसरायचा, साधा एसएमएस तेवढा जाईल. त्याला इंटरनेट लागत नाही. मोबाइल टॉवरशी ज्या बारीक वाटेनं हजेरी लावत असतो, त्याच वाटेनं तो निसटतो. मराठीत एका एसएमएसात सत्तरच अक्षरं मावतात. "बरी आहे. पाऊस फार. जेवले. तुझा गुडघा?" एवढं लिहायला आंब्यापर्यंत पाऊण तास चढायचं. आईचं उत्तर कधी लगेच यायचं, कधी तिसऱ्या दिवशी आधीच्या दोन उत्तरांबरोबर एकदम. पावसात तिथं उभं राहून ती तीन उत्तरं वाचताना मला रडू आलं होतं.

बाकीची वाडी मात्र लाँचवर विसंबून. 1960 च्या दशकात धरण झालं, शिवसागर जलाशयाखाली शेतं गेली आणि घरटी एकतरी माणूस मुंबईला गेला. वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून राबणारे इथले कितीतरी. त्यांच्याशी बोलायचं तर पाणी ओलांडावं लागतं. रोज कुणाला जमणार? लावणी चालू, अंगावर इरलं, हात चिखलात. म्हणून सकाळी फोनच लाँचवर जातात. लाँचवाले तात्या लाँच तापोळ्याला लावतात, तिथं फोनांना रेंज मिळते, मेसेज उतरतात, आणि संध्याकाळी फोन घरी.

आधी तात्या फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, भिजू नयेत म्हणून. फोन कोरडे यायचे, पण रिकामे. हा डबा उघडला तो नववीतल्या एका मुलीनं. पत्र्यातून लहरी आत शिरत नाहीत हे तिनं विज्ञानाच्या तासाला ऐकलं होतं. तिनं घरून कैरीच्या लोणच्याची प्लास्टिकची बरणी आणली, धुऊन चुलीजवळ वाळवली आणि फोन त्यात घातले. त्या संध्याकाळपासून मेसेज यायला लागले. फोनांना अजून मोहरीचा वास येतो.

मी जिच्याकडे राहत होते त्या मावशीची सून वाशीला बाळंतपणाला टेकली होती. नेमकं तेव्हाच वारं सुटलं. तात्यांनी दोन दिवस लाँच काढली नाही, आणि ते बरोबरच होतं, त्या पाण्यात लाट उठली की भीती वाटते. मावशी काही बोलली नाही. दोन्ही दिवस भात लावून आली, भाकऱ्या थापल्या, आणि रात्री दाराशी बसून पाण्याकडे बघत राहिली, जिथं काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी बरणी आली. मावशीला वाचता येत नाही, फोन माझ्या हातात दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाचा बोलका मेसेज होता. हे मेसेज आपोआप उतरतात, म्हणून तो पुरा आला होता. "आये, मुलगी झाली. दोघीबी बऱ्या हायत." मागे बाळाचं रडणं. मावशीनं तो सात वेळा ऐकला. सातव्यांदा फोन कानाला न लावता गालाला लावला.

खाली फोटो होता. तो उतरला नव्हता. नुसता धुरकट चौकोन, मध्ये बाण. मी बाण दाबत राहिले, गोल फिरत राहिला. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं बाय, दिसतंय मला. ह्ये पिवळं हाय न्हवं, टोपडं असंल. मीच शिवून धाडलंवतं." रात्रभर तिनं तो धुरकट चौकोन शेजारणींना दाखवला आणि त्यांनीही त्यात नाक-डोळे शोधले.

मी शहरातून येणाऱ्यांकडून नेहमी ऐकते, रेंज नाही म्हणजे किती शांत! मीही निघताना हेच म्हणाले होते, आणि त्याची मला लाज वाटते. चार दिवस मुद्दाम फोन बंद ठेवणाऱ्याला ही शांतता मिळते. ज्या आईची नात पाण्यापलीकडे जन्मली, तिला नाही.

सकाळी लाँच निघायच्या आधी मी तिच्या फोनची सेटिंग बदलली, फोटोही आपोआप उतरावेत म्हणून. मग तिला उत्तर बोलायला सांगितलं. बटण दाबून धरायचं तिला जमेना, म्हणून अंगठा माझा, आवाज तिचा. ती फोनपासून हातभर लांब उभी राहिली आणि पलीकडच्या काठाला हाक मारावी तशी ओरडली, "पोरीला तेल लाव! आन् टोपडं घट्ट बांध, गारठा हाय!"

वाशीत गारठा नसतो. मी काही बोलले नाही. तिनं फोन पदरानं पुसला, बरणीत सगळ्यांच्या वर ठेवला आणि झाकण स्वतः आवळलं.