आईबरोबर पुन्हा लम्हे

आज दुपारी आईसोबत पुन्हा लम्हे हा हिंदी पिक्चर बघितला, बाहेर पाऊस, आत चहा आणि सकाळच्या पोह्यांवर उरलेली शेव. आईने तो १९९१ मध्येच बघितलाय, इथेच इंदूरला, नवीन लग्न झालेलं, आजीबरोबर गेली होती आणि आजी मध्येच उठून म्हणाल्या चल घरी, ज्याचं आईवर प्रेम होतं त्याच्यावरच मुलीने जीव लावायचा हे काय! तेव्हा बऱ्याच लोकांना हेच पटलं नाही, आपल्याकडे पिक्चर पडला, पण परदेशात चालला, आणि बेस्ट फिल्मसकट ५ फिल्मफेअर मिळाले, त्यातलं एक श्रीदेवीचं. पल्लवी आणि पूजा, म्हणजे पिक्चरमधली आई आणि मुलगी, दोन्ही तिनेच, एकाच बाईने केल्यात हे मला आजही खरं वाटत नाही, चालणंसुद्धा वेगळं. आणि गाणी लताबाईंची, म्हणजे आपल्या इंदूरात जन्मलेल्या, त्यामुळे आईला जरा जास्तच अभिमान.

दिग्दर्शक यश चोप्रांना स्वतःला हा पिक्चर फार जवळचा होता, तो पडल्यावर त्यांना किती लागलं असेल. शेवटी आईच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणाली तेव्हाचा अर्धा राहिलेला आज पूर्ण झाला गं. मी काही बोललेच नाही, तिचा हात धरून बसले नुसती.