तेंगिर, अल्ला आणि गुरुवारचं तळण

गुरुवारी संध्याकाळी किर्गिझस्तानच्या राजधानीतल्या, बिश्केकमधल्या आमच्या इमारतीचा जिना चढायला लागलं की तळणीचा वास येतो, तोही एका घरातून नाही, दोन-तीन मजल्यांवरून. आमच्या घरमालकीणबाईंना सगळे आपा म्हणतात, मीही म्हणते. त्या कढईत बोरसोक सोडत असतात. आंबवलेल्या पिठाचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे तेलात पडले की टम्म फुगतात. खायला तर होतातच, पण तळायचं खरं कारण वास. तो गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो आणि त्यांची भूक त्यानं भागते, अशी इथली श्रद्धा. तळण उरकलं की दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरली जाते, आपा कुराणातल्या आयती म्हणतात, घरातल्या गेलेल्यांची एकेक करून नावं घेतात. मग सगळे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून ‘ओमीन’ म्हणतात आणि चहा ओतला जातो. पितृपक्षात कावळ्याची वाट बघणाऱ्या घरातून आलेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मुलांना इथे मेडिकलला पाठवणारे पालक फोनवर हमखास विचारतात, ‘मुस्लिम देश आहे ना, वातावरण कसं आहे?’ मुस्लिम देश आहेच. पण या इस्लामच्या पोटात त्याहून जुनं आकाश आहे, ते पाहिल्याशिवाय हा देश कळत नाही.

हे आकाश म्हणजे तेंग्री, किर्गिझ बोलीत तेंगिर. आजच्या मंगोलियातल्या ऑर्खोन खोऱ्यात किर्गिझांच्याच भाषाकुळातल्या जुन्या तुर्कांचे 8व्या शतकातले शिलालेख उभे आहेत. त्यातल्या कुल तेगिन या राजपुत्राच्या 732 सालच्या लेखात म्हटलंय की वर निळं आकाश आणि खाली तपकिरी धरती घडली, तेव्हा त्या दोहोंच्या मध्ये माणूस घडला. राजाला राज्य मिळतं ते तेंग्रीच्या इच्छेनं. सोबतीला उमाय ही माता आणि जमीन-पाण्याची दैवतं आहेत, पण सगळ्यांच्या वर एकच आकाश. 921 साली बगदादच्या खलिफानं पाठवलेल्या वकिलातीबरोबर इब्न फदलान उत्तरेकडे निघाला. वाटेत त्याला ओघुझ तुर्क भेटले. ते तेव्हा मुसलमान नव्हते. त्यानं लिहून ठेवलंय की यांच्यावर अन्याय झाला की हे मान वर करून ‘बिर तेंग्री’ म्हणतात, म्हणजे ‘एकच देव’. माझ्या मते या दोन शब्दांतच पुढच्या हजार वर्षांची किल्ली आहे. वर एकच कुणीतरी आहे, हे या लोकांना नव्यानं पटवायची गरजच नव्हती.

10व्या शतकात मध्य आशियातल्या काराखानी या तुर्क राजघराण्यातल्या सातुक बुघरा खानानं इस्लाम स्वीकारला. या घराण्याची एक राजधानी होती बालासागुन. तिचा उरलेला बुराना मनोरा बिश्केकपासून 80 किलोमीटरवर तोकमोकजवळ आहे. मूळचा 45 मीटरचा हा मिनार भूकंपात ढासळून आता निम्म्याच्या आसपास राहिलाय. शेजारच्या गवतात आजूबाजूच्या मुलखातून गोळा केलेले जुन्या तुर्कांचे दगडी पुतळे ओळीनं उभे केलेत. बसकी नाकं, मिशा, छातीशी दोन्ही हातांत धरलेला पेला. एका नजरेत मिनारही दिसतो आणि हे पेलेवालेही.

याच बालासागुनच्या युसुफनं 1069-70 मध्ये राजाला उद्देशून ‘कुतादगू बिलिग’ हे दीर्घकाव्य लिहिलं. मुसलमानाचं काव्य, पण ईश्वराला बायात, तेंग्री ही जुनी तुर्की नावं सर्रास वापरलेली. त्याच दशकात बगदादमध्ये बसून तुर्की भाषेचा कोश रचणारा महमूद काश्गरी मात्र चिडून लिहितो, की हे काफिर आकाशालाच तेंग्री म्हणतात, आणि मोठा डोंगर किंवा मोठं झाड दिसलं की त्यालाही तेच म्हणून वाकतात. एकाच पिढीतली ही दोन शहाणी माणसं. त्यांचा हा मतभेद बिश्केकमध्ये आजही चालू आहे.

डोंगरातल्या भटक्या किर्गिझांत इस्लाम फार सावकाश मुरला, बराचसा सुफींच्या हातून. त्यामुळे जुनं पुसलं गेलं नाही, त्याच्या शेजारी नवीन येऊन बसलं. सुईण किंवा झाडपाला करणारी बाई म्हणायची, ‘हा हात माझा नाही, उमाय मातेचा आहे.’ पुढे तेच वाक्य बातमा-झूराच्या, म्हणजे पैगंबरांच्या लेकीच्या, फातिमाच्या नावानंही म्हटलं जाऊ लागलं. कुणी उमायला हाकललं नाही. ‘मानस’ या किर्गिझ महाकाव्याचा नायक मुसलमान आहे, पण त्यातली शपथ अशी: वचन मोडलं तर माथा उघडा असलेलं निळं आकाश मला मारो, छातीवर केस असलेली धरती मला मारो. केस म्हणजे गवत. डोंगरउतारावर हिरवळ पाहिली की मला ही ओळ आठवते.

आता त्या भांडणाविषयी. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला, त्यानंतर मशिदी झपाट्यानं वाढल्या. तुर्कस्तानच्या पैशातून उभी राहिलेली बिश्केकची मोठी मशीद 2018 मध्ये उघडली. परदेशात धर्मशिक्षण घेऊन आलेले तरुण सांगतात की आरचाचा, म्हणजे डोंगरातल्या ज्युनिपरचा, धूर घरभर फिरवणं, मझारच्या, म्हणजे पवित्र मानलेल्या कबरीच्या किंवा जागेच्या, झाडाला चिंध्या बांधणं, हा सगळा शिर्क, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसऱ्या कुणाला मानण्याचं पाप. उलट बाजूला तेंगिरवादी आहेत. दस्तान सारिगुलोव हे 2005 मध्ये राज्यसचिव झालेले गृहस्थ त्यांच्यातले ठळक नाव. त्यांच्या मते इस्लाम परका आणि तेंगिर हाच आपला मूळ धर्म. दोन्ही पक्षांना आपाचं स्वयंपाकघर खुपतं. एकाला त्यातला वास नको, दुसऱ्याला आयत नको.

मौलवींचं एक म्हणणं मला मनापासून पटतं. मयताच्या घरी कर्ज काढून घोडा कापू नका, जेवणावळी घालू नका, असं ते सांगतात. त्या कर्जात घरं बुडतात, हे खरंच आहे. पण वास कुणाला कर्जात घालत नाही. तेंगिरवाद्यांना मी तुर्कस्तानकडे बघायला सांगेन. तिथे 1932 पासून सरकारनं अजान तुर्कीतून द्यायला लावली. ‘अल्ला’च्या जागी जुना ‘तान्री’ आणला. लोकांच्या मनात ते सलत राहिलं आणि 1950 मध्ये ती सक्ती उठताच मिनारांवर पुन्हा अरबी अजान घुमली. गंमत अशी की तोच ‘तान्री’ तुर्क माणूस रोजच्या बोलण्यात आपखुशीनं वापरतो.

दक्षिणेतल्या ओश शहरात ऐन मध्यावर सुलेमान-तू हा खडकाळ डोंगर आहे, 2009 पासून जागतिक वारसा. हिंदुस्थानात येण्याच्या कितीतरी आधी, तरुणपणी, बाबरानं इथे प्रार्थनेसाठी छोटी खोली बांधली होती. त्याच डोंगरावर एक उतरता खडक आहे. मूल व्हावं म्हणून बायका त्यावरून घसरत खाली येतात, शतकानुशतकं येताहेत. दगड आरशासारखा झालाय. माझ्यापुढे रांगेत असलेल्या एका एजेला, म्हणजे ताईला, मी विचारलं, मशिदीत हे चालतं का? ती म्हणाली, ‘मशीद खाली आहे, तिथून नमाज पढूनच वर आले.’ मग तिनं रुमाल घट्ट बांधला, माझ्या हातात पिशवी दिली आणि ‘बिस्मिल्ला’ म्हणून घसरली.