तुम्ही विचारलंत म्हणून: आयोवा युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा ऑफेन्स (बॉल पुढे नेऊन पॉइंट करणारी फळी) खरंच इतका भंगार होता का?

"2021 ते 2023, तीन सीझनमध्ये 28 मॅच जिंकलात, मग ऑफेन्सच्या नावाने रडतोस कशाला?" दरवर्षी गणपतीच्या जेवणात कोणीतरी विचारतंच, बहुतेक नेब्रास्कावाले (शेजारच्या राज्यातल्या टीमचे फॅन). तर एकदाचं लिहून टाकतो.

3 सप्टेंबर 2022, आमचं किनिक स्टेडियम, समोर साउथ डकोटा स्टेट. बाबा सांगलीहून आलेले, त्यांची पहिलीच मॅच. पहिलं क्वार्टर संपल्यावर अख्खं स्टेडियम शेजारच्या हॉस्पिटलमधल्या पोरांना हात करतं ना, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यानंतर बघण्यासारखं फारसं काही झालंच नाही. दोन-चार यार्ड जायचे, अडकायचे, मग आमचा पंटर टोरी टेलर येऊन लांबलचक पंट मारणार (म्हणजे बॉल पायाने लांब मारून समोरच्यांना देऊन टाकणार) आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवणार, असं 10 वेळा. बाबांना वाटलं हाच आपला मेन प्लेअर (आता चुकलं कसं म्हणू). 7-3 ने जिंकलो. टचडाउनचे 6, वरच्या किकचा 1 हे मी घरून निघताना पढवलेलं, त्यामुळे पार्किंगकडे चालता चालता थांबले आणि म्हणाले, "अरे पण टचडाउन झालं कधी? मी बाथरूमला गेलेलो का?"

झालंच नव्हतं. एका फील्ड गोलचे (बॉल किक मारून खांबांमधून घालायचा) 3, आणि डिफेन्सने दोनदा त्यांना त्यांच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पाडलं त्याचे 2-2. ऑफेन्सचे दिवसभराचे यार्ड 166. मी गाडीपर्यंत फील्ड पोझिशनचं, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच टोकाशी कोंडून ठेवण्याचं, महत्त्व सांगत राहिलो, ते "हं" म्हणत राहिले.

तेव्हा मी खरंच तसंच मानायचो, 'पंटिंग इज विनिंग'चा टी-शर्ट अजून कपाटात आहे. पण त्या तीन सीझनची दर मॅचची पॉइंटची सरासरी बघा: 23.4, मग 17.7, मग 15.4, आणि यात डिफेन्सचे पॉइंटसुद्धा धरलेत! 2023 ला यार्डमध्ये देशात शेवटचा नंबर. ऑफेन्स चालवणारा कोच, म्हणजे कोऑर्डिनेटर, हा हेड कोचचाच मुलगा, त्याच्या करारात 25 च्या सरासरीची अट घातली तीही डिफेन्सचे पॉइंट मोजून, म्हणजे पोराच्या मार्कांत शेजारच्याचा पेपर. 2023 च्या शेवटच्या दोन मॅच 26-0 आणि 35-0 ने हरलो तेव्हा मला बाबांचं ते "हं" ऐकू आलं.

बरं, 2024 ला नवीन कोऑर्डिनेटर आला, सरासरी 27.7, आणि जिंकलो किती? 8. आदल्या वर्षी 10. आता बोला. मीही गप्पच होतो.

2025 ला मार्क ग्रोनोव्स्की आमचा क्वार्टरबॅक (ऑफेन्सचा बॉल हाताळणारा मुख्य खेळाडू) झाला, त्या दिवशी साउथ डकोटा स्टेटकडून खेळलेला तोच. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपल्याला 4 पॉइंट ज्याच्यामुळे मिळाले तो?"