स्लॅब भरला त्या दिवशी मला माहीत होतं

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला एका ओळखीच्या सुपरवायझरचा फोन आला. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान आहे, वाघोडिया रोडच्या एका साइटवर आम्ही बरोबर होतो. म्हणाला, दादा, आमच्याकडे काम थांबतंय, ऑफिसनं सांगितलंय महिनाअखेरपर्यंत आवरतं घ्या आणि साइटवर कोणाला काही बोलू नका. मग थोडा वेळ गप्प राहिला आणि विचारलं, तुम्ही तेव्हा कसं सांगितलं होतं माणसांना?

मी म्हटलं, मी सांगितलंच नव्हतं रे. अकरा दिवस.

फोन ठेवल्यावर झोप येईना म्हणून हे लिहायला बसलो. बडोद्यात साइटवर काम करणारी आपली बरीच मंडळी आहेत, कोणी सुपरवायझर, कोणी इंजिनियर, कोणी लेबरचा ठेका घेतो, त्यांच्यासाठीच लिहितोय खरं तर.

2019 ची गोष्ट. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाल्यावर बिल्डरांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी हात आखडता घेतला होता हे पेपरात वाचलेलं, पण ते आपल्या साइटच्या गेटपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. त्यात रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, आल्यापासून ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात त्याच स्कीमसाठी, म्हणजे त्याच प्रकल्पासाठी, ठेवावे लागतात, आधी कसं व्हायचं, एका स्कीमचे पैसे दुसरीकडे फिरवून काम चालू ठेवायचे, ते बंद झालं, आणि घर घेणाऱ्याच्या दृष्टीनं ते बरंच झालं, पण मग बुकिंग आटलं आणि फायनान्स कंपनीकडून येणारा कर्जाचा हप्ताही अडकला की ती साइट जागच्या जागी उभी राहते, तिला दुसरीकडून पैसा येत नाही. त्यात 31 जुलैचा तो पाऊस, बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको, एका दिवसात 18-20 इंच, विश्वामित्री रस्त्यावर आणि मगरी सोसायट्यांमध्ये. आमचं बेसमेंट वरपर्यंत भरलं होतं. पंप लावून पाणी काढण्यात ऑगस्ट गेला.

गणपती विसर्जन झालं आणि दोन दिवसांनी, शनिवारी 14 सप्टेंबरला, मला ऑफिसात बोलावलं. सांगितलं की पुढचा हप्ता येत नाहीये, सोमवारी पाचव्या मजल्याचा स्लॅब ठरलाय तो भरून घ्या आणि मग काम थांबवायचं. आणि हे तुमच्यापाशीच ठेवा, नाहीतर माणसं स्लॅबच्या आधीच निघून जातील. मी हो म्हणून आलो. नाही म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही, हे मी आज अगदी खरं लिहितोय.

सोमवारी स्लॅब भरला. सकाळी सात ते रात्री नऊ, रेडी मिक्सच्या गाड्या वेळेवर आल्या, पावसानंही दया केली. स्लॅबच्या दिवशी माणसांना खायला घालायची पद्धत असते, आम्ही सेवउसळ आणि जिलेबी मागवली होती. अठ्ठावन्न माणसं खाली वाळूच्या ढिगाशी बसून खात होती, हसत होती, पंचमहालचे कडिया म्हणजे गवंडी, दाहोदकडची बिगारी जोडपी पोरांना घेऊन, स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारे सेंट्रिंगवाले, ओडिशाचे सळईवाले. मी वाढत होतो. मला घास उतरला नाही, आणि कोणी विचारलं तर म्हटलं पित्त झालंय.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन आधारांमध्ये साडेचार मीटरपेक्षा जास्त अंतर असलेला स्लॅब असेल तर खालचे टेकू 14 दिवस काढत नाहीत. म्हणजे सेंट्रिंगवाल्यांचं काम अजून दोन आठवडे होतंच, खालच्या मजल्यांवर वीटकाम, प्लास्टरही थोडंफार चालू होतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सगळं नेहमीसारखं दिसत होतं. मी स्वतःला समजावत होतो की अजून वेळ आहे, कदाचित हप्ता येईलही, उगाच कशाला घाबरवा. बुधवारी आमच्या वयस्कर कडियाकाकांचा पुतण्या आणि त्याची बायको गावाहून आले, काकांनीच बोलावलं होतं, भरपूर काम आहे म्हणून. पुतण्या मला येऊन भेटला, मी त्याचं नाव हजेरीत लिहिलं. स्वतःच्या हातानं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात, 25 तारखेला, दोन बायकांना मी वरच्या कॉलमच्या उघड्या सळयांना सिमेंटचं पाणी मारायला लावलं. काम लांबणार असेल तर सळईला गंज धरू नये म्हणून हे करतात, जाड रबडी करायची आणि चिंधीनं किंवा ब्रशनं वरपासून खालपर्यंत माखायची. त्या दोघी एक एक सळई हातात धरून माखत होत्या, कोपरापर्यंत हात राखाडी झाले होते, आणि काका खाली वीटकाम करता करता वर बघत होते. त्यांनी थापी घमेल्यात ठेवली, ओळंबा गुंडाळून खिशात घातला आणि वर आले. चाळीस वर्षं कडियाकाम केलेला माणूस, त्याला सळईला सिमेंट कधी मारतात हे मी सांगायचं?

एवढंच म्हणाले, "साहेब, पहेलां कहेवुं'तुं ने." आधी सांगायचं होतं ना.

आवाज चढवला नाही. मग सांगितलं की चार दिवसांपूर्वी हलोलच्या एका मुकादमानं फोन केला होता, सहा कडिया हवे होते, मी नाही म्हटलं, इथे स्लॅब चढतोय म्हणून. आता ती जागा भरली.

हे माझ्याच्यानं आजही विसरवत नाही. मंदी मी आणली नव्हती, हप्ता मी अडवला नव्हता, पण ते हलोलचं काम त्यांच्या हातून माझ्यामुळे गेलं. सहा घरांचं. मी जर 17 तारखेला सकाळी, स्लॅब झाल्यावर लगेच, एवढं जरी म्हटलं असतं की काका, पुढचं नक्की नाही, तर ते हलोलला गेले असते आणि पुतण्याचं बसभाडं वाचलं असतं. ऑफिसची भीती होती ती स्लॅबपर्यंत होती, स्लॅब तर भरला होता. त्यानंतरचे नऊ दिवस मी कोणासाठी गप्प होतो याचं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. काही चिडले, एक सळईवाला मला बरंच बोलला, मी ऐकून घेतलं.

मग जे केलं ते सांगतो, कारण त्या पोराला फोनवर मी हेच सांगितलं. आमच्याकडे साइटला अमासेची सुट्टी असते आणि तेव्हा हिशोब होतो, ती अमावस्या 28 तारखेला होती. दोन रात्री बसून मी हजेरीच्या वह्यांवरून एकेका माणसाचा वेगळा हिशोब काढला, किती दिवस भरले, किती अर्धे, खर्ची, म्हणजे रोजच्या खर्चाला, किती दिली, उचल किती, बाकी किती. नेहमी मुकादमाला एकगठ्ठा रक्कम जाते आणि तो वाटतो. काम चालू असतं तेव्हा ते निभावतं, पण काम थांबलं की मुकादमही अडकलेला असतो, त्याची स्वतःची देणी असतात, आणि बिगारीपर्यंत पैसा पोचेलच असं नाही. मी ऑफिसात जाऊन हट्ट धरला की प्रत्येकाच्या हातात द्या, सह्या अंगठे घ्या. 1970 चा कंत्राटी कामगारांचा कायदा तेव्हा लागू होता, त्यात स्पष्ट होतं की ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकाला द्यावा लागतो, ते मी कागदावर लिहूनच नेलं होतं. भांडण नाही केलं, फक्त कागद समोर ठेवला. तीन हप्त्यांत का होईना, माणसांचे पैसे मिळाले. उचल ज्यांच्या अंगावर होती त्यातली थोडी सोडून दिली, सगळी नाही.

आणि दुसरं, बांधकाम कामगाराच्या नोंदणीचं कार्ड. बांधकाम कामगारांसाठी तेव्हा 1996 चा कायदा होता, बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का सेस, म्हणजे एक प्रकारचा कर, घेतात, म्हणजे एक कोटीच्या बांधकामामागे एक लाख, आणि तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी असतो, पोरांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला. पण तो मिळायचा तर नोंदणी लागते, वय 18 ते 60 च्या मधलं आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला. तो दाखला कोण देणार? आपणच, ज्यांच्याकडे हजेरी आहे. बावीस वर्षं साइटवर होतो आणि तोपर्यंत मी मोजून चार दाखले दिले असतील, तेही कोणी मागितले म्हणून. त्या आठवड्यात एकेचाळीस दिले. काकांचा लिहायला बसलो, आधार कार्ड बघितलं तर वय एकसष्ट. चाळीस वर्षांत एकाही साइटवर कोणी त्यांना हे सांगितलं नव्हतं, माझ्या साइटवर ते तीन वर्षं होते आणि मीही नाही. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा केंद्रानं राज्यांना सांगितलं की याच सेसच्या पैशातून नोंदणी झालेल्या कामगारांच्या खात्यात थेट पैसे टाका. ज्यांची नोंदणी नव्हती त्यांचं नाव यादीतच नव्हतं, मग त्यांनी पाच मजले बांधलेले असोत की पन्नास.

काम थांबल्यापासून लॉकडाऊनपर्यंतच्या मधल्या काळात मी अधूनमधून सकाळी कडियानाक्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट बघत उभे राहतात त्या चौकात, जायचो, कोणी ओळखीचं दिसतं का बघायला. मंदीत नाका बघावा. नेहमी तिथे बिगारी जास्त असतात, तेव्हा चांगले चांगले कडिया उभे होते आणि बिगारीच्या रोजीवर जात होते, कोणी गाडी थांबवली की दहा जण धावायचे आणि भाव तिथेच पडायचा. सरकारनं 2017 पासून नाक्यांवर 10 रुपयांत जेवण सुरू केलं होतं, त्या खिडकीसमोरची रांग मोठी व्हायची. नोव्हेंबरात बातमी आली की अडकलेल्या घरांसाठी केंद्र 25,000 कोटींचा फंड काढतंय, आमच्या साइटवरचा वॉचमन मला फोन करून विचारत होता, साहेब आता चालू होणार का. आमची नाही झाली.

डिसेंबरात माझाही नंबर लागला. दोन महिन्यांचा पगार थकला होता, एक मिळाला, एक राहिला तो राहिलाच. ऑफिसातून निघालो, स्कूटर दांडिया बाजारात घरासमोर लावली आणि चप्पल काढायच्या आधी बायकोला सांगितलं. आई आतल्या खोलीत होती, तिलाही तिथेच बोलावलं. काकांचं ते वाक्य कानात होतं, नाहीतर मी नक्की म्हटलं असतं की जानेवारीपर्यंत बघू, मुलीची दहावी आहे, आत्ता कशाला. बायको लगेच काही बोलली नाही. चहा ठेवला आणि मग वही घेऊन बसली, गॅस, दूध, क्लासची फी, आईची औषधं, घराचा हप्ता. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून बँकेत गेलो, हप्ता चुकायच्या आधी गेलो म्हणून मॅनेजरनं नीट बसवून ऐकलं, मुदत वाढवून हप्ता कमी करून दिला. चुकल्यावर गेलो असतो तर बोलण्याची रीत वेगळी असती.

काम कुठून मिळालं तेही सांगतो. नवं बांधकाम थांबतं, दुरुस्ती थांबत नाही. जुलैचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरलं होतं त्यांच्या भिंती हिवाळ्यात पोपडे सोडायला लागल्या होत्या, खालून तीन-चार फूट प्लास्टर हाताला येत होतं. लोक पुट्टी लावून रंग मारून घेत होते आणि महिन्यात परत तेच. ते प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढायचं, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग नवीन करायचं, घाई केली की पैसे पाण्यात. पहिलं काम रावपुऱ्यात आमच्या ओळखीच्या एका आजींच्या घरी मिळालं, दोन खोल्या. मी काकांना फोन केला. तेव्हा ते आणि पुतण्या गावी मक्याच्या शेतात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघं दारात, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेली थापी, ओळंबा, गुरमाळा. त्यांनी माझ्याकडे बघून नेहमीसारखं रामराम केलं. मी पहिल्यांदा सांगितलं की काका, हे काम नऊ दिवसांचं आहे, दहाव्या दिवसाचं माझ्याकडे काही नाही. म्हणाले, बस, आटलुं ज जोईए. एवढंच हवं.

लॉकडाऊनपर्यंत अशी सात घरं झाली. फार पैसे नव्हते त्यात, पण मुलीची फी गेली आणि तिघांची चूल पेटत राहिली.

तर त्या पोराला मी सांगितलं की उद्या सकाळी सांग. हिशोब पूर्ण होईपर्यंत थांबू नको, ऑफिसची परवानगी मिळेपर्यंत तर नकोच, फक्त एवढं म्हण की काम थांबायची शक्यता आहे, कुठून बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. नोकरीची भीती वाटणार, मलाही वाटली होती, ती खोटी नाही. पण त्याच्या साइटवर चाळीसेक माणसं आहेत आणि त्यातली निम्मी तरी दुसरीकडे चिकटू शकतात, आत्ता, या आठवड्यात.

बुधवारी दुपारी त्याचा मेसेज आला, सांगितलं दादा. सळईवाले सहा जण शनिवारी निघतायत, अंकलेश्वरला काम मिळालंय.

रविवारी मी त्याच्या साइटवर जातोय, 90 दिवसांचे दाखले लिहायला. एकट्याला जमणार नाही, आणि त्याची मार्च ते जूनची हजेरीची वही सापडत नाहीये. आधी ती शोधायला लागेल.